या शॉपमध्ये हुद्दा मापाला असतो

पत्र (थोडी काटछाट करून):

"सर, १७ वर्षं पायदळात काढली, तीन महिन्यांनी बाहेर पडतोय. वय ३७. शेवटची चार वर्षं युनिटच्या शस्त्रागारात होतो. हत्यारं तपासणं, नोंदी ठेवणं, बारीकसारीक दुरुस्ती. जो भेटतो तो सुरक्षारक्षकाची नोकरी सुचवतो, मला ती नको आहे. एका कारखान्यात सीएनसी लेथवर शिकाऊ ऑपरेटर घेतायत, म्हणून बघून आलो. तिथं शिकवणारा मुलगा २३ वर्षांचा. मी मशिनजवळ गेलो तर म्हणाला, 'काका, तिथं हात लावू नका.' माझ्या शब्दावर ३० माणसं उठत-बसत होती. त्या रात्री झोप लागली नाही. गणिताशी शाळा सुटल्यापासून संबंध नाही. एक मित्र म्हणतो, तीन महिन्यांचा कोर्स कर. दुसरा म्हणतो, हिशेबाचे पैसे आले की जुनं सीएनसी घे आणि स्वतःच मालक हो. माझ्या १७ वर्षांचा तिथं काही उपयोग आहे, की शून्यापासून सुरुवात? ता. क. गोळीबाराच्या आवाजानं उजव्या कानानं कमी ऐकू येतं. मुलाखतीत सांगू की नको?"

तुमच्या पत्रात प्रश्न पाच-सहा आहेत, पण घोडं अडलंय एकाच ठिकाणी, त्या मुलाच्या वाक्यावर. म्हणून आधी तेच घेतो.

तो नेमका कधी बोलला ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मी ३४ वर्षं टूलरूममध्ये (साचे, गेज बनवायच्या विभागात) काढली आहेत, आणि सीएनसी लेथचं, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रामवर धातू कातणाऱ्या मशिनचं, दार उघडं दिसलं की नवख्या माणसाचा हात कुठं जातो ते मला ठाऊक आहे. चकला (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरून फिरवणारी पकड) गुंडाळलेली चिप (धातूची निघालेली साल) ओढायला. चांदीच्या फितीसारखी दिसते, लोंबत असते, माणसाला वाटतं काढून टाकू. ती फीत गरम असते, तिला ब्लेडची धार असते, आणि चक फिरत असेल तर ती तुमच्या हाताला घेऊन आत जाते. आम्ही ती लोखंडी आकड्यानं काढतो आणि तेही मशिन थांबवून. त्या पोरानं तुमचा अपमान केलेला नाही, तो पहाऱ्यावर उभा होता. दारूगोळ्याच्या कोठाराबाहेरचा पहारेकरी मोठ्या अधिकाऱ्यालाही काडेपेटी खिशात घेऊन आत सोडत नाही, आणि शहाणा अधिकारी त्याबद्दल रुसून बसत नाही. 'काका' म्हणाला ते मात्र त्याचं त्याला लखलाभ. वयाच्या ३७ व्या वर्षी मलाही ते झोंबलं असतं.

आता जरा खोलात जाऊ. सैन्यात हुकूम माणसाकडून येतो. मशिन शॉपमध्ये तो कागदावर असतो, ज्याला आम्ही ड्रॉइंग म्हणतो. समजा ड्रॉइंगवर लिहिलंय, व्यास ४० एच७ (एच इंग्रजी लहान लिपीतला). त्याचा अर्थ शाफ्ट ४०.००० मिलिमीटरच्या वर जायचा नाही आणि ३९.९७५ च्या खाली उतरायचा नाही. मधली जागा २५ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या गल्लीत तुम्हाला कापायचं टूल चालवायचं आहे. जॉब ४०.००४ झाला तर तो नापास. मालकानं केला तरी नापास, फोरमननं केला तरी नापास. आमच्याकडे तपासणी विभागात एक मुलगी लागली होती, प्रशिक्षण संपून जेमतेम दोन महिने झालेले. तिनं फोरमनच्या हातचे सहा बुश परत पाठवले. फोरमन तणतणत गेला, गेज स्वतः लावून पाहिला, आणि काही न बोलता सहाच्या सहा उचलून परत आला. त्याच्या हाताखाली काम करताना त्याच्यातलं जे मला सगळ्यात मोठं वाटलं, ते हे. या शॉपमध्ये हुद्दा मापाला असतो. तो २३ वर्षांचा मुलगा तुमचा साहेब नाही. तुम्हा दोघांचा साहेब मायक्रोमीटर. एकदा हे डोक्यात बसलं की वयाचा प्रश्न बराचसा निकालात निघतो. पूर्ण निघेल असं मी म्हणत नाही.

आणि हे तुम्हाला नवीन नाही. शस्त्रागारात चार वर्षं होता म्हणजे रायफलीच्या चेंबरला लावायचा हेडस्पेस गेज निदान पाहिला तरी असेल. 'गो' गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो' वर व्हायला नको. तेव्हा तुम्ही हत्याराला विचारलंत का, की तू कुणाचं आहेस? बोल्ट बंद झाला की नाही, एवढंच पाहिलंत. आमचे प्लग गेज, रिंग गेज, थ्रेड गेज सगळे याच जातीचे. एक बाजू जायला पाहिजे, दुसरी जायला नको.

तुमच्या '१७ वर्षांचा उपयोग' या प्रश्नाकडे मी असा वळतो. रेंजवर पाच गोळ्या झाडल्यावर तुम्ही आधी काय बघता? ग्रुपिंग. गोळ्या लक्ष्याच्या मध्यावर आहेत का हा प्रश्न नंतरचा. आधी त्या एकमेकींजवळ आहेत का ते बघायचं. ग्रुप घट्ट असेल तर साइट (नेम धरायची खूण) चार क्लिक फिरवून झिरो करता येतं. गोळ्या विखुरल्या असतील तर साइटला हात लावण्यात अर्थ नाही, आधी श्वास, पकड, नाहीतर कुठला तरी ढिला स्क्रू. बरोबर? आता सीएनसी लेथ घ्या. त्याच ४० एच७ चे पाच जॉब काढले आणि मापं आली ३९.९९६, ३९.९९८, ३९.९९७, ३९.९९५, ३९.९९७. पाचही पास आहेत, पण वरच्या भिंतीला घासून. ग्रुप मात्र झकास, तीन मायक्रॉनचा. मग स्क्रीनवर ऑफसेटच्या, म्हणजे मापाच्या दुरुस्तीच्या, पानावर जायचं, त्या टूलच्या एक्स मध्ये (व्यासाच्या दिशेत) उणे ०.००९ द्यायचं, आणि पुढचे जॉब गल्लीच्या मधोमध येतात. ऑफसेट म्हणजे साइटची क्लिक. दुसऱ्या दिवशी मापं आली ३९.९७९, ३९.९९८, ३९.९८५, ४०.००३, ३९.९७६. इथं ऑफसेट देणारा माणूस गोत्यात येतो. इथं इन्सर्टचा (टूलच्या टोकाच्या पात्याचा) स्क्रू बघायचा, चकचे जॉ (जॉब धरणारे जबडे) बघायचे, बारीक लांब जॉब असेल तर टेलस्टॉकचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा, आधार बघायचा, आणि सगळ्यात आधी स्वतःचं माप घेणं बघायचं.

जवळपास प्रत्येक नवखा ऑपरेटर एक चूक करतो. पहिला जॉब चार मायक्रॉन मोठा आला की ऑफसेट कमी करतो, दुसरा तीन मायक्रॉन लहान आला की वाढवतो. दर जॉबला बोट ऑफसेटवर. असं केलं की मापं सुधारत नाहीत, आणखी पसरतात. दर गोळीनंतर साइट फिरवणाऱ्या रंगरूटाचं लक्ष्यपत्र तुम्ही पाहिलं असेल, तसंच. ही गोष्ट शिकाऊ पोरांना समजवायला आम्हाला महिने लागतात. तुम्हाला ती एका वाक्यात समजली असेल. कारखान्यात कुणी विचारलं की तुम्हाला काय येतं, तर ही सांगा.

एक गरम गोष्ट राहिली. मशिनमधून नुकताच निघालेला जॉब हाताला ऊन लागतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, १९३१ सालापासून जगभर हेच मानतात. पोलाद दर मीटरला दर अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास फुगतं. तुमचा ४० मिमीचा शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असेल तर तो ९ मायक्रॉन मोठा दिसेल. २५ मधले ९ नुसत्या उष्णतेनं खाल्ले. म्हणून घाईनं मापलेल्या गरम जॉबवर विश्वास ठेवून ऑफसेट दिला की थंड झाल्यावर सगळी थप्पी लहान निघते. जुने लोक जॉब गालाला लावून बघायचे. मी पण लावतो.

गणिताची भीती सोडा, असं नुसतं म्हणून ती सुटत नाही, म्हणून नेमकं सांगतो काय लागतं. दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, न चुकता. काटकोन त्रिकोण, साइन-कोसाइन-टॅन कॅल्क्युलेटरवर काढता येण्यापुरते. आणि एक सूत्र, जे मी अजून झोपेत म्हणू शकतो: आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड गुणिले १००० भागिले पाय गुणिले व्यास. ५० मिमीचा साध्या पोलादाचा जॉब, कार्बाइड टूल, मिनिटाला १५० मीटरचा वेग धरला तर आरपीएम येतात ९५५ च्या आसपास. व्यास निम्मा झाला की आरपीएम दुप्पट. बस. तुम्ही नकाशावर मिलमध्ये कोन काढले असतील तर आणखी सोपं. एक मिल म्हणजे १००० मीटरवर साधारण १ मीटर. लेथवर टेपर (उतरता व्यास) तपासताना हाच हिशेब मीटरवर मिलिमीटर असा येतो. मशिन लेव्हल करायला आम्ही जी लेव्हल वापरतो तिचा एक भाग मीटरवर ०.०२ मिमी, म्हणजे तुमच्या मिलचा पन्नासावा हिस्सा. हिशेबाची जात तीच, धार तेवढी जास्त.

घरी करायचा एक अभ्यास देतो. तीन महिने हातात आहेत, आजच सुरू करा. एक व्हर्नियर आणि २५ ते ५० चा मायक्रोमीटर मिळवा, मागून आणलात तरी चालेल. एखाद्या गॅरेजमधून ६२०४ नंबरचं बेअरिंग आणा. याची मापं जगात कुठंही तीच असतात: आतला व्यास २०, बाहेरचा ४७, रुंदी १४. जुनं असलं तरी बाहेरचा व्यास बहुधा शाबूत असतो. ते आधी स्वच्छ पुसा. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं कोऱ्या कागदानं हलकेच पुसा, मग त्याच्यासोबतच्या २५ मिमीच्या प्रमाण दांडीवर शून्य तपासा. मग बाहेरचा व्यास दहा वेळा मोजा, दर वेळी मायक्रोमीटर पूर्ण उघडून, रॅचेट (टोकाची कटकट वाजणारी मूठ) तीनदा वाजू देऊन. दहाही आकडे वहीत लिहा, आधीचा आकडा झाकून. पहिल्या दिवशी तुमचे आकडे मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत पसरलेले असतील, मनगट आवळण्याची सवय जायला वेळ लागतो. आठवड्याभरात ते एका शतांशात यायला हवेत. हीच तुमची रेंज. मुलाखतीत जर कुणी समोर मायक्रोमीटर ठेवला (चांगल्या ठिकाणी ठेवतातच) तर तो हातात कसा धरला यावरून समोरच्याला तुमचं अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

आता एक गोष्ट जी तुमच्या बाजूनं नाही. सैन्यात चुकीला शिक्षा असते, आणि शिक्षा असते तिथं लपवणंही असतं. मी सैनिक नव्हतो, पण लपवण्यात तुमच्या कुणाला ऐकलो नसतो. शिकाऊ होतो तेव्हा एकदा ऑफसेट देताना उणेच्या जागी अधिक चिन्ह दाबलं. ०.१५ कमी व्हायचं ते ०.१५ वाढलं असतं तर निदान जॉब पुन्हा घेता आला असता. पण मी आतल्या बोअरवर काम करत होतो, तिथं अधिक म्हणजे भोक मोठं. मोठं झालेलं भोक लहान होत नाही. चार फ्लॅंज (भोक असलेल्या जाड चकत्या) गेले तेव्हा लक्षात आलं. मी काय करावं? चारही फ्लॅंज चिपच्या ट्रॉलीत खाली दाबले, वर चिप पसरली, आणि नवीन चार ब्लँक आणून गुपचूप लावले. संध्याकाळी मोजदाद झाली तर कच्च्या मालात चार कमी. फोरमन ट्रॉलीजवळ गेला, लोखंडी आकडा घातला आणि पहिल्याच झटक्यात एक फ्लॅंज वर आला. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आमच्या धंद्यात चालत नाही. फोरमन म्हणाला, चार गेले त्याचा राग नाही. पाचवा, सहावा कुठून आणलास हे मला माहीत नाही, आणि आता आजचा तुझा सगळा माल मला पुन्हा मोजायला लागणार, याचा राग आहे. रात्री दहापर्यंत आम्ही दोघं मोजत बसलो होतो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात एक जॉब घालवणार आहात. घालवलात की लाल खडूनं त्यावर फुली मारा, तो वेगळा ठेवा, आणि त्या २३ वर्षांच्या पोराला हाक मारा. इतकंच करायचं आहे. ज्याच्या शब्दावर ३० माणसं उठत-बसत होती त्याला ही हाक जड जाते, मला कल्पना आहे.

काही सवयी उलट्या कराव्या लागतील. सैन्यात हातमोजा म्हणजे संरक्षण, फिरत्या चकजवळ हातमोजा म्हणजे फास. माल उचलताना घाला, मशिनवर काढा. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी घरी. बाह्या कोपराच्या वर. हवेच्या पाइपनं कपडे झटकायचे नाहीत, सगळे झटकतात तरी. साध्या लेथवर काम मिळालं तर चकची चावी चकमध्ये असताना हात तिच्यावरून हलवायचा नाही, मागून कुणी हाक मारली तरी. हत्यार रिकामं आहे याची खात्री तुम्ही जशी दोनदा करता, त्या रक्तातल्या सवयीला इथं नवं काम द्या.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे नवीन प्रोग्रामचा पहिला जॉब. तो असा चालवतात: सिंगल ब्लॉक चालू, म्हणजे मशिन दर ओळीला थांबतं. रॅपिड (मोकळ्या धावेचा वेग) अगदी खाली आणलेला. उजवा अंगठा फीड होल्डच्या, म्हणजे टूलची चाल थांबवायच्या, बटणावर. डोळा आधी टूलवर, मग स्क्रीनवरच्या 'अंतर बाकी' या आकड्यावर. टूल जॉबपासून दोन बोटं लांब दिसतंय आणि स्क्रीन म्हणते अजून ८० मिलिमीटर जायचं आहे, तर काहीतरी घोटाळा आहे, दाबा. बहुतेक वेळा कुणीतरी ऑफसेट चुकीचा भरलेला असतो, किंवा जी०१ च्या जागी जी०० पडलेलं असतं. जी०१ म्हणजे कापत हळू चल, जी०० म्हणजे पूर्ण वेगानं पळ. एका आकड्याचा फरक, आणि टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) चकवर आदळतो तेव्हा तो आवाज सगळ्या शॉपला ऐकू जातो. नंतर सगळे तुमच्याकडे बघतात. पायदळात गस्तीवर पहिली पावलं ज्या सावधपणानं टाकली असतील, त्याच सावधपणानं हा पहिला जॉब.

तुम्ही परक्या गावात शिरताय असं वाटू देऊ नका. हा धंदा बराचसा शस्त्रांच्या गरजेतून वाढलेला आहे. जॉन विल्किन्सननं १७७४ मध्ये तोफांची नळी भरीव ओतून मग आतून कोरायचं मशिन केलं, आणि वॉटच्या वाफेच्या इंजिनाला नीट गोल सिलिंडर मिळाले ते त्याच्याकडून. हेन्री मॉडस्लेनं वयाच्या बाराव्या वर्षी वुलिचच्या शस्त्र कारखान्यात काडतुसं भरायला सुरुवात केली. पुढं स्क्रू कापायच्या अचूक लेथसाठी त्याचं नाव झालं. आम्ही ज्यांच्यावर मायक्रोमीटर तपासतो ते स्लिप गेज कार्ल एडवर्ड योहान्सननं १८९६ च्या सुमाराला जुळवले, तो स्वीडनमध्ये एस्किलस्टुनाच्या रायफल कारखान्यात होता. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून २०,००० मापं जुळतात. आणि तुम्ही ज्या जातीच्या मशिनवर जाणार, त्या आकड्यांवर चालणाऱ्या मशिनचं पहिलं रूप १९५२ मध्ये एमआयटीत दाखवलं गेलं, पैसा अमेरिकेच्या हवाई दलाचा होता. शस्त्रागारातला माणूस या घरचा लांबचा नातेवाईक तरी आहेच.

कोर्सबद्दल. तीन महिन्यांचा कोर्स वाईट नसतो, पण पैसे भरण्याआधी तिथं जाऊन एकच बघा: विद्यार्थ्यांचे हात काळे आहेत का. नुसत्या संगणकावर प्रोग्राम लिहायला शिकवत असतील तर ते तुम्ही कोणत्याही मोफत सिम्युलेटरवर रात्री शिकाल. मशिन, ड्रॉइंग, मोजमापाची साधनं, टूल सेटिंग, इतकं प्रत्यक्ष मिळत असेल तरच. आणि कारखान्यात पगार घेऊन शिकायला मिळत असेल, तर माझं मत कारखान्याच्या बाजूनं. बाहेर पडणाऱ्या सैनिकांसाठी तुमच्या खात्याची काही प्रशिक्षण योजना असेल तर ती आधी पदरात पाडून घ्या. सेवेत असताना मिळणारी सोय सुटल्यावर तशीच मिळेल असं धरू नका.

पण कारखाना कुठला, हे बघावं लागेल. या धंद्यातली खरी अडचण पगार कमी असणं नाही, तो सुरुवातीला कमीच असतो. अडचण ही की काही ठिकाणी शिकाऊ ऑपरेटर म्हणजे जॉब लावा, दार बंद करा, हिरवं बटण दाबा, जॉब काढा. असं पाच वर्षं करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना साधं टूल बदलून ऑफसेट घेता येत नव्हता, कारण कुणी घेऊ दिला नव्हता. म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा. ऑफसेट कोण देतो, ऑपरेटर की सेटर (मशिन जुळवून देणारा)? पहिल्या जॉबची तपासणी मला करू द्याल का? वर्षभरानंतर सेटिंगवर बसवता का, असं बसवलेलं कुणी आत्ता इथं आहे का? शेवटच्या प्रश्नावर ते कुणाकडे बोट दाखवतात ते बघा. बोट दाखवलं तर त्या माणसाशी दोन मिनिटं बोलून या. जमिनीवर तेल किती सांडलंय, मायक्रोमीटर डबीत आहेत की फायलींखाली पडलेत, हे जाता-येता दिसतंच. ऑपरेटरनंतर सेटर, मग प्रोग्रामर, ही एक वाट. तुमच्या नोंदीच्या सवयीला तपासणी विभागाची वाटही चांगली, तिथं थ्री-डी मोजमापाचं सीएमएम मशिन शिकता येतं.

अर्जात हुद्दे आणि तुकड्यांची नावं भरू नका, वाचणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. लिहा: चार वर्षं गेज वापरून तपासणी, सुट्या भागांच्या नोंदी, हत्यारांची मोजदाद. मोजदादीत कधी एकही कमी आलं नसेल तर तेही लिहा.

आता तो दुसरा मित्र, जुनं सीएनसी घ्यायला सांगणारा. त्याला म्हणावं, आधी कळस मग पाया होत नाही. मशिन हा या धंद्यातला दिसणारा खर्च. न दिसणारा म्हणजे टूलहोल्डर, इन्सर्ट, जॉ, गेज, त्यांची वेळोवेळी तपासणी, कूलंट, हवेचा कॉम्प्रेसर, वीज, आणि माल दिल्यावर तीन-तीन महिने न येणारे पैसे. जुन्या मशिनच्या बॉलस्क्रूत (टूल सरकवणाऱ्या स्क्रूत) खेळ, म्हणजे ढिलेपणा, किती आहे हे ओळखायला जे डोळे लागतात ते तुमच्याकडे आज नाहीत, विकणाऱ्याकडे आहेत. दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या मशिनवर दुसऱ्याच्या पैशानं चुका करा. तोपर्यंत ती रक्कम बँकेत राहू द्या आणि मित्राचा फोन उचलू नका.

कानाचं शेवटी ठेवलं, कारण त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सांगा, न विचारता सांगा. बाहेर पडण्याआधी कानाची तपासणी करून तिचा कागद सेवेच्या कागदपत्रांत लावून घ्या, पुढं कारखान्यात कान आणखी गेला तर कुठून किती गेला हे ठरवायला तोच उपयोगी पडेल. ८५ डेसिबलच्या वर आठ तास असाल तर कानाला बोंडं हवीतच, उरलेला डावा कान तुम्हाला जपायचा आहे. आम्ही टूलची झीज आवाजावरून ओळखतो, कर्रर्र असा बारीक कंप आला की समजायचं. तुम्हाला तो उशिरा ऐकू येईल. म्हणून स्पिंडल लोडच्या मीटरवर (कापताना मशिनवर पडणारा जोर दाखवतो तो) नजर ठेवायची सवय लावा, चिपचा रंग बघा, आणि दर दहा जॉबनंतर थांबवलेल्या मशिनवर कापलेल्या पृष्ठभागावरून नख फिरवा. पहिल्याच दिवशी त्या मुलाला सांगा, की मला हाक मारायची तर डावीकडून ये, आणि मशिन चालू असेल तर हाक मारू नकोस, समोर येऊन हात वर कर. हे मात्र तुम्ही त्याला हुकमाच्या आवाजात सांगितलंत तरी चालेल.